एकाचें छत, दुसऱ्याची जमीन

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत जीं उदाहरणें येतात तीं बहुधा मोठ्या प्रसंगांचीं असतात. महाभारताच्या कर्णपर्वांत सत्यव्रती कौशिकाची कथा आहे. जीव वांचविण्यासाठीं रानांत शिरलेल्या लोकांचा माग त्यानें लुटारूंस खरा खरा सांगितला, आणि त्या सत्यापायीं तो नरकास गेला. कान्टनें १७९७ सालच्या एका छोट्या निबंधांत नेमका उलट निवाडा दिला: दारांत मारेकरी उभा असला तरी खोटें बोलण्याचा अधिकार कोणास नाहीं. लोकमान्यांनींहि गीतारहस्यांत सत्याच्या अपवादांचा हा प्रश्न चर्चेस घेतला आहे, आणि महाविद्यालयांच्या वर्गांतून आम्ही प्राध्यापक मंडळी तो मोठ्या उत्साहानें शिकवितों. परंतु संसारी माणसाच्या दारांत मारेकरी सहसा येत नाहीं. न्हाणीघराच्या छताचा पोपडा मात्र पावसाळ्यागणिक येतो, आणि सत्य बोलावें कीं झांकावें हा प्रश्न तोहि बरोबर घेऊनच येतो. त्याच्यासंबंधीं ग्रंथकारांनीं मौन पाळलें आहे.

हें लिहितांना माझ्या डोळ्यांपुढें वसई तालुक्याच्या पश्चिम भागांतील वटार हें गांव आहे. समुद्र जवळ, हवा खारट व दमट, मृगापासून चार महिने पावसाची झड. केळीच्या बागांमध्यें अद्याप कांहीं कौलारू घरें उभीं आहेत, त्यांच्या शेजारीं स्लॅबचीं दुमजली घरें झालीं आहेत, आणि पूर्वेकडे थोड्याच अंतरावर नालासोपारा व विरार येथील उंच इमारतींची गर्दी सुरू होते. राहण्याच्या तीन तऱ्हा इतक्या जवळजवळ पाहावयास मिळतात म्हणून हें गांव घेतलें. एरवीं हा प्रश्न डोंबिवलीचा, रत्नागिरीचा किंवा मडगांवचाहि तितकाच आहे.

जुन्या कौलारू घराची न्हाणी परसदारीं, विहिरीच्या वाटेवर, चुलाण्यावर तापणाऱ्या हंड्याशेजारीं असे. तिला आडोसा होता, क्वचित् वर झांप किंवा चार कौलें होतीं. छत असें नव्हतें. वाफ फटींतून निघून जाई आणि सांडपाणी केळीच्या बुंध्याशीं जिरे. त्या न्हाणींतल्या पाण्यानें कोणाचें नुकसान झालें असेल तर तें फार तर शेजाऱ्याच्या कुंपणाशीं चिखल होण्यापुरतें. न्हाणी हा शब्द आजच्या बांधकामांत एका ठिकाणीं मात्र टिकून आहे. फरशीखालीं सांडपाण्यासाठीं जें जाळीचें भांडें बसवितात त्यास इंग्रजी बोलणारे इंजिनिअरसुद्धां ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. शब्द परसांतून निघून वरच्या मजल्यावर जाऊन बसला, आणि नेमक्या त्याच भांड्याच्या कडेनें खालच्या घरांत पाणी उतरण्याची वाट सर्वांत अधिक वेळां सांपडते.

स्लॅब आला आणि न्हाणी घराच्या पोटांत आली. एकाच्या डोक्यावरचें छत ही दुसऱ्याच्या पायाखालची जमीन झाली. माणसांना एकमेकांशीं बांधून टाकणारे करार पुष्कळ आहेत; पण हा करार कोणीं वाचून सही केलेला नसतो. वरच्याच्या आंघोळीचा खालच्याशीं संबंध असावा, ही गोष्ट आपल्या आजोबांना सांगितली असती तर त्यांना ती थट्टा वाटली असती.

त्याच सुमारास दुसरा एक बदल झाला, त्याकडे आपलें लक्ष फारसें गेलें नाहीं. पूर्वीं भिंतींना चुना लावीत. चुनकळी पाण्यांत विरवून केलेला तो पातळ हात भिंतीवर बसला कीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हां चुनखडीचा दगड होतो. पण तो थर सच्छिद्र असतो. भिंतींत ओल असली तर ती त्यांतून बाहेर पडते. चुना पांढरी पूड होऊन अंगाला लागतो, कपडे खराब करतो, दिवाळीच्या आधीं पुन्हां द्यावा लागतो. या सर्व त्याच्या अडचणी आहेत. परंतु तो ओल कोंडून ठेवीत नाहीं, आणि त्याच्या दाहकतेमुळें बुरशीलाहि तेथें लौकर घर करतां येत नाहीं. आजच्या तैलरंगाची व कित्येक प्लास्टिक रंगांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा गुळगुळीत पापुद्रा बनतो. मागून आलेलें पाणी त्या पापुद्र्यापाशीं अडतें, त्याला फुगवितें, आणि एके दिवशीं आंघोळ करणाऱ्याच्या खांद्यावर तळहाताएवढा पोपडा येऊन पडतो. आपण म्हणतों, रंग वाईट निघाला. वस्तुतः रंग चांगला होता म्हणूनच त्यानें इतके दिवस पाणी अडवून धरलें.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. रंग हें मुळांतच आवरण. मग झांकण्यास दोष कां द्यावा? या आक्षेपाचें उत्तर रस्किननें १८४९ सालच्या आपल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत फार बारकाईनें दिलें आहे. विटेवर गिलावा करणें व गिलाव्यावर चित्र काढणें यांत त्याला असत्य दिसत नाहीं, कारण खालीं वीट आहे हें कोणी नाकारीत नाहीं. पण त्याच गिलाव्यावर दगडी सांध्यांच्या रेघा ओढून ही भिंत चिरेबंदी आहे असा आव आणला कीं त्याच्या मतें तेथें खोटेपणा सुरू होतो. रस्किनची भाषा पुष्कळदां धर्मोपदेशकाची होते आणि त्याचीं सर्व मतें पटत नाहींत. पण हा भेद मला खरा वाटतो. आवरणाचा दोष आवरण असण्यांत नाहीं, तें कसली ग्वाही देतें यांत आहे. दिवाळीचा चुना एवढेंच म्हणतो कीं घरच्यांनीं यंदांहि भिंतीकडे लक्ष दिलें आहे. ओल्या छतावर दिलेला ताजा रंग म्हणतो कीं हें छत कोरडें आहे. पहिलें विधान खरें आहे, दुसरें खोटें आहे, आणि दोन्ही एकाच कुंचल्यानें लिहितां येतात.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. वटारसारख्या गांवांत, वडिलांच्या जागेवर बांधलेल्या दुमजली घरांत, थोरला भाऊ खालीं व धाकटा वर राहतो. दोघांचीं न्हाणीघरें एकावर एक आहेत. श्रावणांत थोरल्याच्या न्हाणीघराच्या छताला पोपडे धरतात. तो एकदां वर जाऊन म्हणतो, “अरे, तुझ्याकडचें पाणी खालीं उतरतंय वाटतं.” धाकटा म्हणतो, “नाहीं हो दादा, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे.” संभाषण एवढेंच. परंतु दोन्ही जावांच्या बोलण्यांत त्या दिवसापासून फरक पडतो, आणि गौरीच्या जेवणाला वरचीं मुलें थोडीं उशिरानें खालीं येतात. थोरला समजूतदार आहे. तो विचार करतो कीं चार पैशांच्या रंगासाठीं भावाशीं वितुष्ट कशाला? दर वर्षीं दसऱ्याच्या सुमारास तो रंगारी बोलावतो, छत खरवडून रंगवून घेतो आणि वर एक शब्दहि बोलत नाहीं. गांव त्याला मोठ्या मनाचा म्हणतो. प्रश्न असा आहे कीं हें मोठें मन खरें काय?

झटकन् उत्तर देण्यापूर्वीं थोरल्याचें पहिलें वाक्य पाहावें. त्याला दिसलें होतें तें पाणी. बोलला तो ‘तुझ्याकडचें पाणी’. पाणी कोठून येतें हा एक प्रश्न आणि तें कोणामुळें येतें हा दुसरा. पहिला पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा न्यायनिवाड्याचा. आणि आपण सर्वजण पहिला ओलांडून दुसऱ्यावर उडी घेतों, कारण न्यायाधीश होणें शोधक होण्याइतकें कष्टाचें नाहीं. न्हाणीघराच्या छताला पोपडे येण्यास वरच्याचें पाणीच लागतें असें मुळींच नाहीं. पावसांत झडप आंत येते म्हणून खिडकी बंद, गीझरचें कढत पाणी, एकामागून एक चार जणांच्या आंघोळी, दार लावलेलें. ती सगळी वाफ छताला लागून थिजते आणि तेथेंच मुरते. तसें असेल तर थोरल्याच्या छताचा अपराधी थोरल्याच्याच बादलींत आहे.

हा निवाडा करण्याचें साधन अगदीं क्षुल्लक आहे. पातळ प्लास्टिकचा वीतभर तुकडा छताचा तेवढा भाग पुसून त्यावर चारी कडांनीं चिकटपट्टीनें बंद करून लावावा आणि एकदोन दिवसांनीं पाहावें. प्लास्टिकच्या खालच्या बाजूस, म्हणजे खोलीच्या बाजूस, थेंब जमले असतील तर तीं आपली वाफ. प्लास्टिक व छत यांच्यामध्यें ओल धरली असेल तर पाणी वरून येत आहे. डागांचेंहि एक शास्त्र आहे. वरच्या गळतीचा डाग बहुधा एका जागीं, नळाच्या किंवा त्या नहाणी ट्रॅपच्या आसपास, तपकिरी कडा धरून वाढतो. वाफेची बुरशी काळ्या ठिपक्यांनीं सर्वत्र, विशेषतः हवा न लागणाऱ्या कोपऱ्यांत पसरते. वरची शंका पक्की करावयाची असेल तर वरच्या न्हाणीघराचें तोंड बुजवून जमिनीवर बोटभर पाणी एक दिवस सांठवून ठेवतात आणि खालीं नजर ठेवतात. पुष्कळदां उत्तर मिश्र निघतें. थोडें वरचें पाणी, थोडी खालची वाफ. मिश्र उत्तर भांडणाला गैरसोयीचें असतें. कदाचित् म्हणूनच परीक्षा करण्यास कोणी फारसा उत्सुक नसतो.

तेव्हां आरोप करण्यांत थोरल्यानें घाई केली हें उघड आहे. पण त्यानंतरच्या मौनाचें काय? सहन करणें हा आपल्याकडे गुण मानला आहे, आणि स्वतःची गैरसोय सहन करण्यापुरता तो गुण आहेच. मात्र छताच्या बाबतींत थोरला जें सहन करतो तें त्याचें एकट्याचें नाहीं. स्लॅबच्या पोटांत लोखंडी सळया असतात. काँक्रीटच्या चुनखट स्वभावामुळें त्यांना एक प्रकारचें कवच लाभलेलें असतें. हवेंतील जो वायु चुन्याला दगड करतो तोच वर्षानुवर्षें काँक्रीटांत शिरून तें कवच काढून घेतो. ओल त्याला मदत करते, समुद्राकडचें मीठ अधिकच करतें. सळईला गंज धरला कीं तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि खालचें काँक्रीट फोडून बाहेर पडतो. रंगाचा पोपडा, मग गिलाव्याची खपली, मग तांबडी सळई, असा तो क्रम आहे. थोरला दर दसऱ्याला पहिली पायरी पुसून टाकतो. त्याच स्लॅबवर धाकट्याचीं मुलें रोज उभीं राहून आंघोळ करतात. आपल्या पायाखालीं काय चाललें आहे हें कळण्याचा धाकट्याला एकच मार्ग होता, तो म्हणजे दादाचें छत. आणि दादानें तें औदार्यानें रंगवून टाकलें. दुसऱ्याला आवश्यक असलेली माहिती रोखून धरून त्याच्यावर केलेला उपकार, याला मी मोठें मन म्हणण्यास तयार नाहीं. भांडणाचें भय आणि क्षमा यांचा चेहरा दुरून सारखा दिसतो, इतकेंच.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस याच तालुक्यांत, विरार पूर्वेला, रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा एक भाग रात्रीं कोसळला आणि १७ माणसें मृत्यु पावलीं. त्या दुर्घटनेचा एखाद्या न्हाणीघराच्या पोपड्याशीं संबंध जोडणें हें अतिशयोक्तीचें होईल, तसें मी करीत नाहीं. परंतु तेव्हांपासून छताच्या भेगेकडे केवळ शोभेच्या दृष्टीनें पाहणें मला जमत नाहीं.

भाऊ-भाऊ ज्या गोष्टी मनांत ठेवतात त्या अनोळखी बिऱ्हाडांना कागदावर घ्याव्या लागतात. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधि या दृष्टीनें वाचण्याजोगे आहेत. मराठी साहित्यांत त्यांची गणना होत नाहीं, पण शेजारधर्माचें इतकें बारीक विवरण अन्यत्र कमीच आढळेल. पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक नळांची गळती, गच्चींतून पाणी उतरून सर्वांत वरच्या मजल्याचें जें छत व गिलावा खराब होतो त्याची दुरुस्ती, हा खर्च संस्थेचा. सदनिकेच्या आंतील शौचालय, मोरी वगैरेंमुळें होणारी गळती सभासदानें स्वखर्चानें थांबवावयाची. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पांच वर्षांतून एकदां आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदां तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी असेंहि त्यांत आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तर याहून पुढें जातो: साध्या काळजीनें खरेदीदाराच्या लक्षांत न येणारा आणि विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्यानें सांगितला पाहिजे, घर भाड्यानें देणाऱ्यावरहि तशीच जबाबदारी आहे. घर दाखविण्याच्या आदल्या आठवड्यांत न्हाणीघराचें छत तेवढें रंगविणारे लोक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा व्यवहार जुना आणि सार्वत्रिक आहे, म्हणून तो निर्दोष ठरत नाहीं.

पण कायदा खर्च वांटून देतो. पाणी कोठून येतें हें तो सांगत नाहीं, आणि वर जाऊन दार कसें ठोठवावें हेंहि नाहीं. थोरल्यानें प्लास्टिकचा तुकडा आधीं आपल्या छताला लावावा. खिडकी कांहीं दिवस उघडी ठेवावी, बाहेर हवा फेकणारा पंखा आंघोळीनंतर पाव तास चालूं द्यावा. त्यानंतरहि ओल राहिली तर वर जाऊन म्हणावें, “जरा खालीं येऊन बघतोस का? आपल्या स्लॅबमध्यें पाणी शिरतंय.” ‘तुझें पाणी’ आणि ‘आपला स्लॅब’ यांतला फरक शिष्टाचाराचा नाहीं, वस्तुस्थितीचा आहे. स्लॅब खरोखरच दोघांचा आहे. धाकट्याला राग आला तरी येवो. त्याला राग येऊं नये म्हणून त्याला अज्ञानांत ठेवणें हें त्याला लहान मूल समजण्यासारखें आहे, आणि घरांतील धाकट्यांना ही वागणूक जन्मभर मिळत असतेच.

राहिली प्रत्यक्ष दुरुस्ती. तींत अवघड असें कांहीं नाहीं. तींत फक्त एक गोष्ट आहे जी कोणाला नको असते. पाण्याची वाट बंद केल्यावर सुटा रंग घट्ट कडा लागेपर्यंत खरवडावयाचा, बुरशी धुऊन काढावयाची, आणि मग थांबावयाचें. छत पुरतें वाळल्यावर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचा पातळ हात. प्लास्टर ऑफ पॅरिस येथें कामाचें नाहीं, ओलीनें तें भुसभुशीत होतें. मग पॉलिश पेपर, प्रायमर व शक्यतों वाफ बाहेर जाऊं देणारा रंग. यांत मधलें थांबणें आठवड्यांचें असतें, कधीं महिन्यांचें. रंगाऱ्याला मजुरी मिळते ती रंगविलेल्या चौरस फुटांची. वाट पाहण्याची मजुरी त्याला कोणी देत नाहीं. म्हणून सकाळीं खरवडलेलें छत तो संध्याकाळीं रंगवितो, आणि पुढच्या श्रावणांत पोपडा आला कीं आपण त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं बोलतों. तो बिचारा मान मोडेपर्यंत वर पाहून खरवडत असतो, डोळ्यांत व नाकांत भुकटी जात असते, तोंडाला एक रुमाल बांधलेला. जुन्या तैलरंगांत शिसें असे. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ सालीं झाले व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलांत आले. त्यापूर्वींचा थर खरवडावयाचा असेल तर छत आधीं ओलें करून घ्यावें, रंगाऱ्याला नीट मुखपट्टी द्यावी आणि मुलांना त्या दिवशीं वरच्या मजल्यावर काकाकडे पाठवावें.

किनाऱ्याच्या हवेंत खरवडण्याचें काम पाऊस पुरता उघडल्यावर, दिवाळीच्या पुढें मागें करावें, आणि रंग संक्रांतीच्या आधीं देऊं नये. मधल्या काळांत न्हाणीघराचें छत उघडें, डागाळलेलें, गिलाव्याचे ओरखडे दाखवीत राहील. दिवाळीला पाहुणे येतील, कोणी वर पाहून विचारतीलहि. त्यांना सांगावें कीं ओल वाळत आहे.